आधी झालं म्हणून उठायचं नाही

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर खुर्च्या विणणारा राहतो. खुर्चीची बैठक फाटली की लोक ती त्याच्याकडे आणून टाकतात आणि तो वेतानं नव्यानं विणून देतो. पुढची खोली त्याचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. दुकानात एका टबात वेत भिजत पडलेला असतो, आणि त्याच खोलीतल्या लांब टेबलाशी त्याची तीन मुलं शिकतात. ती शाळेत जात नाहीत. बाप विणता विणता शिकवतो. आई दवाखान्यात नर्स आहे, ती कामावरून आली की गणित घेते. गल्ली त्याला वेतवाले मास्तर म्हणते. तो स्वतःच हसून सांगतो, "बाकीच्या मास्तरांकडे एक छडी असते, माझ्याकडे भारेच्या भारे. पण अजून एकही पोरांवर मोडली नाही."

मी वर राहतो. दुपारी त्याच्याकडे जाऊन बसतो, म्हणून हे मला माहीत आहे. मला लिहायची सवय नाही. जसं आठवतं तसं सांगतो.

नवराबायको दोघंही देवभक्त. कामाला हात लावण्याआधी सगळं घर टेबलाशी बसून प्रार्थना म्हणतं. सूर कुणाचाच धड नाही. धाकटा शेंडेफळ तर शेवटची ओळ सगळ्यांच्या आधी म्हणून मोकळा होतो.

मोठी मुलगी, जिला भावांमुळे सगळेच ताई म्हणतात, ती आधी शाळेत जात होती. हुशार पोर, पहिली यायची. एकदा घरी येऊन फुशारकीनं म्हणाली, "मी बाकावरच्या शेजारणीचा खोडरबर लपवला. तिला चुका खोडताच आल्या नाहीत, म्हणून मी पुढे गेले." आईनं तिला चांगलं फैलावर घेतलं. बापाच्या मनात मात्र ते सलत राहिलं. मला म्हणाला, "काका, सकाळी आम्ही देवाला म्हणतो की सगळी तुझीच लेकरं. आणि दुपारी त्याच लेकरांना मागे टाकायला पोरीला पाठवतो. दोन्ही कसं चालेल?"

त्यानं तिला शाळेतून काढलं. धाकट्या दोघांना घातलंच नाही. लोकांनी तोंडसुख घेतलं. किराणावाला म्हणाला, "मास्तर, उद्या देवानं स्वतः शाळा काढली तरी तुम्ही पोरं पाठवायची नाहीत." हा शांतपणे म्हणाला, "हेडमास्तर ओळखीचा असेल तर पाठवीन."

त्या टेबलावर नियम एकच. ज्याचं काम आधी झालं, त्यानं उठायचं नाही. शेजारच्याचं अडलं असेल तर त्याला समजावून द्यायचं, आणि सगळ्यांचं झालं की सगळ्यांनी मिळून उठायचं. मधला अडला की ताई त्याच्याकडे वळायची. मधला आणि ताई अडले की शेंडेफळ दोघांच्या मध्ये डोकं घालून नुसता "हां, हां" करायचा. तीही मदतच, असं त्याचं म्हणणं.

घरी शिकणाऱ्या मुलांना वर्षातून एकदा जवळच्या शाळेत परीक्षेला बसावं लागतं. पास झाली तर घरी शिकवायची परवानगी चालू राहते. त्या वर्षी ताई पहिल्यांदा बसली. बाप फाटकाबाहेर उभा. वेळ संपायच्या आधीच शिपाई त्याला आत बोलवायला आला.

मोठ्या बाईंच्या खोलीत ताई खुर्चीवर बसली होती, चेहरा लालबुंद. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी शेजारच्या मुलीला उत्तरं सांगत होती."

"चोरून?"

"चोरून सांगत असती तर मला कळलं असतं काय करायचं ते. पेपर संपवला, बाक सरकवला आणि मोठमोठ्यानं अपूर्णांक समजावायला लागली! पर्यवेक्षकबाई म्हणाल्या, गप्प बस. तर ही म्हणते, 'थांबा, हिचं अजून झालं नाही.'"

बापाला हसावं की रडावं कळेना. बाईंनाही बहुधा तसंच झालं होतं. पण नियम तो नियम. तिचा पेपर रद्द झाला. नापास मुलांच्या फेरपरीक्षेत तिला पुन्हा बसता येईल, पण तिथं असं पुन्हा घडलं तर परवानगी जाईल आणि नव्या सत्रापासून तिन्ही मुलं शाळेत. "तिला नीट सांगून आणा," बाई म्हणाल्या.

हे सांगणंच त्याला जमेना. कितीतरी दुपारी मी बघत होतो. वेताची पट्टी भोकातून ओढायचा, थांबायचा, ताईकडे बघायचा आणि पुन्हा ओढायचा. नर्सबाईंनी शेवटी तोंड उघडलं.

"अहो, सांगा ना तिला! एक दिवस नाही केली मदत तर आभाळ कोसळत नाही."

"तिला घरी आणली ती कशासाठी? आता घरी ठेवता यावं म्हणून शाळेतलं तेच शिकवू?"

"मग नका शिकवू. घाला तिघांना शाळेत. दवाखान्यात उभं राहून घरी येते, वर यांचे पाढे. मलाही पाय आहेत."

"तुला चालेल?"

"नाही चालणार," त्या म्हणाल्या. आणि खुर्चीवर टेकत, "म्हणून तर म्हणते, सांगा."

त्यानं सांगितलं. मी तिथंच होतो. उठून जावं असं वाटलं, पण उठवेना.

"ताई, परीक्षेत कुणाला मदत करायची नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"माझं आधी झालं तरी?"

"तरी."

"ती रडायला लागली तरी?"

तो टबात हात घालून वेत चाचपत राहिला. मग म्हणाला, "तरी. तिथला नियम तसा आहे."

"आणि आपला?"

त्यानं एक पट्टी उचलली आणि तशीच परत पाण्यात सोडली. ताईनं मान डोलावली आणि पाटी पुढे ओढली.

फेरपरीक्षा झाली. ताई सगळ्यांत शेवटी बाहेर आली. पास झाली, परवानगी राहिली. नर्सबाईंनी हुश्श केलं. पण मार्क काठावरचे होते. शेवटची गणितं कोरीच सोडलेली. बापानं विचारलं, "येत नव्हती?"

"येत होती. पण संपवली असती, तर शेजारचीला नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून मी संपवलंच नाही. घंटा होईपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसले."

नर्सबाई खो खो हसल्या. "वकील निघाली हो तुमची! ही पळवाट कुठल्या शाळेत शिकली?"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "काका, आधी दुसरीचा रबर लपवून पुढे गेली. आता स्वतःला येतं तेच लपवून मागे राहिली. पहिलं तिला शाळेनं शिकवलं असं मी म्हणत होतो. हे मी शिकवलं."

मी म्हणालो, "परवानगी तर राहिली."

"राहिली," तो म्हणाला.

मग त्यानं हातातली खुर्ची बाजूला ठेवली, अंगातला मळका डगला काढला आणि शाळेत गेला. बाईंना म्हणाला, "पुढच्या वर्षी माझ्या मुलीला एकटीला वेगळ्या खोलीत बसवा. म्हणजे तिला सगळं लिहिता येईल."

बाई म्हणाल्या, "बसवीन. पण तिला जन्मभर एकटीला कोण बसवणार? जिथं जाईल तिथं शेजारी कुणीतरी असणारच."

"मग तू काय म्हणालास?" तो परत आल्यावर मी विचारलं.

"म्हटलं, खरं आहे. दुसरं काय म्हणणार? त्या बरोबर बोलल्या." तो खाली बसला. ताई टेबलाशी मधल्याला काहीतरी समजावत होती. त्यानं तिला हाक मारली.

"ताई, त्या दिवशी मी तुला सांगितलं ना, ते मला स्वतःलाच पटलं नव्हतं. तरी सांगितलं."

तिनं पाटी बाजूला ठेवली. "मग पुढच्या वर्षी काय करायचं?"

"एकटीनं बसायचं आणि सगळं लिहायचं."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"ते मला माहीत नाही गं. विचार करू."

"दोघं मिळून?"

"सगळे मिळून," आतून नर्सबाईंचा आवाज आला. "आणि आधी जेवून घ्या."