तानुबाईच्या घरात काही मोडत नसे

तानुबाईची आणि माझी ओळख काशप्पाच्या गोणपाटावर झाली.

हैदराबादेहून बी. ए. होऊन मी नुकताच भालकीला परतलो होतो. बाजाराच्या दिवशी गढीच्या भिंतीलगत काशप्पा जुन्या वस्तू मांडून बसे. दांडा नसलेले डाव, सैल अडकित्ते, झाकण हरवलेले डबे, कुणा नवाबी घरातल्या हुक्क्याचं बिदरी बूड. त्यात मला एक कादंबरी दिसली. काशप्पा मागेल ते देऊन मी मोकळा होणार होतो. शेजारी उकिडवी बसलेली एक म्हातारी आडवी आली. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते उलटं करून पाठीमागची फाटकी कड अंगठ्यानं चाचपली.

"शेवटलं पान न्हाई. गोष्ट अर्धी अन् पैसे पुरे कामून?"

"आक्का, तू दुसऱ्याच्या सौद्यात कामून पडायलीस?" काशप्पा कुरकुरला.

"किती सांगायलास पोराला?"

"चार आणे."

"लई झालं," तानुबाई म्हणाली.

पुस्तक आण्याला मिळालं. त्या दिवसापासून ती मला 'बीए' म्हणू लागली आणि मी दर बाजाराला तिच्यामागे हिंडू लागलो.

ती धनगराची. नवरा मेंढरांमागे गेला तो परत आला नव्हता. मूलबाळ नाही. लोकर कातून पोट भरे, आणि उरेल त्यात जुनं घेई. नवी वस्तू तिनं कधी घेतली नाही. नवी वस्तू मुकी असते, म्हणे. बाजार उठायला आला की ती खरेदीला निघे, कारण गाठोडं परत बांधायचा विक्रेत्याला कंटाळा येतो. आवडलेल्या वस्तूकडे ती आधी बघतसुद्धा नसे. दुसरीच काहीतरी उचले, नाक मुरडे, ठेवून देई, आणि उठता उठता खरी वस्तू पायानं सरकवून विचारी, "अन् हे काय टाकलास?"

एक नेम मात्र ती मोडत नसे. वस्तूची खोट मोठ्यानं सांगितल्याशिवाय ती घरी नेत नसे.

"खोट बोलून घेतली की वस्तू घरात गप बसती. झाकून घेतली की भांडती."

पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा खुर्चीवर बसणार होतो. तिनं हात धरला. मग रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "भगवानराव, सरका जरा. पाव्हना आलाय." भगवानराव नावाच्या पटवाऱ्याची ती खुर्ची. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी हसलो आणि बसलो. बसायची जागा कोमट होती.

तिथं काही मोडत नसे. कंदिलाच्या काचेला केसाएवढी चीर होती. ती वर्षानुवर्षं तेवढीच राहिली. चिनी मातीच्या बरणीचा तडा काठापासून बोटभर खाली येऊन थांबला होता. भिंतीवरचं घड्याळ तिनं बंद पडलेलं घेतलं होतं, आत सुया-दोरा ठेवायला. एके दिवशी ते आपोआप चालू झालं. ते दाखवी ती वेळ भालकीत कधीच नसे.

गावाला हे ठाऊक होतं. लग्नाकार्याला लोक तिच्याकडून भांडी नेत आणि ती चरा न पडता परत येत. विकत मागितली तर ती मान हलवी.

"विकत न्हाई म्या. वापरायला न्या. विकलं की हात सुटला."

काशप्पाची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा त्याची बायको निलम्मा तिला खाली ठेवीना. रात्रंदिवस छातीशी धरून बसे. आमच्याकडे अशा मुलाला विकायची रीत आहे. आई त्याला सुपात घालते, दुसरी बाई सूपभर धान्य देऊन विकत घेते, आणि आई लगेच परत विकत घेते. मूल दुसऱ्याचं झालं असं समजून मरण पुढं जातं.

"माझ्याकडनं नेलेलं तुझ्याकडं टिकतंय, आक्का," काशप्पा म्हणाला. "माझ्याकडं काई टिकंना. तूच घे."

भर दुपारी तिच्या अंगणात सूप ठेवलं. बाया जमल्या. मीही होतो. तानुबाईनं मूल न्याहाळलं. जशी बरणी न्याहाळायची, तसंच. टाळू, बोटं, तळवे. मग तिचा अंगठा डाव्या कानावर थांबला.

"कान वाकडा हाय. किती?"

"सूपभर जवारी," काशप्पा म्हणाला.

"लई झालं."

बाया हसल्या. काशप्पाही हसला. त्याला वाटलं, म्हातारी सवयीनं बोलली. पण ती हसत नव्हती. तिनं जवारी दिली नाही. सूपभर कोंडा दिला आणि मुलीला उचललं. मुलीचं नाव त्यावरूनच पडलं, कोंडी.

आता निलम्मानं ओटीतली जवारी पुढं केली. तानुबाईनं मान हलवली.

"विकत न्हाई म्या."

निलम्माच्या हातातली जवारी बोटांतून गळू लागली.

"वापरायला ने," तानुबाई म्हणाली आणि मूल तिच्या हातात दिलं. "माझी हाय तवर मोडनार न्हाई."

निलम्मानं लेकीला घट्ट धरलं. आनंद झाला की भीती वाटली, तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही.

कोंडी जगली. कधी पडसंसुद्धा झालं नाही. ती चालू लागली, दर बाजाराला तानुबाईचा पदर धरून हिंडू लागली. बोलत मात्र नव्हती. तिच्या वयाची पोरं गाणी म्हणत, ही नुसती बघे आणि प्रत्येक वस्तूवरून अंगठा फिरवी.

ज्वारी काढणीला आली तेव्हा तानुबाई तापानं गेली. मी पहाटेपासून तिथं होतो. तिचा श्वास थांबला आणि कंदिलाची काच तडकली. कंदील पेटलेला नव्हता. तिरडी बांधेपर्यंत बरणीचा तडा बुडापर्यंत गेला होता. स्मशानातून परतलो तर खुर्चीचा पाय निखळलेला. घड्याळ बंद होतं.

मी धावतच काशप्पाकडे गेलो. का जातोय हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. निलम्मा दारात होती. कोंडी तिच्या मांडीवर तापानं फणफणली होती.

"तिची वस्तू हाय ही, बीए," निलम्मा म्हणाली. "आता कुनाकडनं घिऊ?"

वारस नव्हता, म्हणून तालुका कचेरीनं तानुबाईचं सामान हर्राजाला काढलं. सरकारी लिलावाला आमच्याकडे हर्राजच म्हणतात. कारकून अंगणात मोडक्या वस्तू मांडत होता. निलम्मा आली. तिनं सूप खाली ठेवलं आणि कोंडीला त्यात बसवलं, खुर्ची आणि बरणीच्या मधोमध. मुलगी मान टाकून बसली होती.

"ये क्या है?" कारकुनानं विचारलं.

"ही बी तिचीच हाय, सायेब," काशप्पा म्हणाला. "लावा हर्राजाला."

कारकून रागावणार होता. मग त्यानं मुलीचे ओठ पाहिले, निलम्माकडे पाहिलं आणि टोपी नीट केली.

"बोलो. बोली बोलो."

काशप्पा पुढं झाला. जन्मभर त्यानं माल वाखाणून विकला होता, घेणाऱ्यासारखं बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. "लई चांगली हाय, सायेब," तो म्हणाला. "गुनाची हाय. काईच खोट न्हाई हिच्यात."

कोंडीच्या घशातून घरघर आली. मी निलम्माकडे पाहिलं. काय चुकलं ते तिला कळलं होतं. ती सुपाशी वाकली आणि लेकीच्या कानावर अंगठा ठेवला.

"डावा कान वाकडा हाय," ती म्हणाली. "अन् मुकी हाय. असली तरी घेते म्या."

"क्या दोगे?"

"सूपभर कोंडा."

कारकुनानं सभोवार पाहिलं. कुणी बोली वाढवली नाही. "एक बार," तो म्हणाला. "दो बार." वारा नव्हता, तरी मोडकी खुर्ची करकरली. त्यानं थोडं थांबून तिकडे पाहिलं. "तीन बार."

निलम्मानं ओटीतला कोंडा जमिनीवर ओतला आणि कोंडीला उचललं. पोरीचं कपाळ घामानं ओलं झालं होतं. मी हात लावून पाहिला. गार.

कोंडीनं डोळे उघडले. आईच्या खांद्यावरून तिनं त्या कोंड्याच्या ढिगाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती जन्मात पहिल्यांदा बोलली.

"लई झालं."