आधी फोटो जातो

“आधी फोटो जातो, मग बातमी येते. लिहून ठेवा, वहिनी.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच लिहून ठेवलं. मला सवयच तशी आहे. बसमध्ये कोण बसणार, पाण्याचे किती डबे न्यायचे, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. जॉर्जियातल्या एका लहानशा कॉलेजच्या क्रीडा विभागाचं ऑफिस मी सांभाळत असे. दोन हजार तीन-चारचा सुमार. प्रवासाची बुकिंगं, नोकरभरतीच्या फाइली आणि विभागाच्या वेबसाइटवरचे कोचेसचे फोटो, एवढं माझं राज्य. नवा कोच आला की फोटो चढवायचा, गेला की उतरवायचा.

ते वाक्य म्हणणारे गृहस्थ अल्फारेटा गावात आमच्यापासून तीन गल्ल्यांवर राहायचे. मूळचे सांगलीकडचे. पोटासाठी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे आणि पहाटे साडेपाचला आमच्या कॉलेजच्या मैदानावर हजर असायचे. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात लांब पल्ल्याची धाव शिकवायची तर सूर्य वर यायच्या आत. आठ वाजता टॉवेलने तोंड पुसून, शर्ट बदलून ते ऑफिसला जात. कॉलेजच्या कागदांत ते ‘व्हॉलंटियर असिस्टंट’ होते, म्हणजे बिनपगारी मदतनीस. अशी अकरा वर्षं.

माझी मुलं त्यांना काका म्हणत. ते ऐकून टीममधली गोरी-काळी सगळी पोरं त्यांना ‘कोच काका’ म्हणायला लागली.

शर्यतीच्या दिवशी बाकीचे कोच शेवटच्या रेषेवर उभे असत. हे मात्र पाऊण वाटेवरच्या एखाद्या वळणावर, झाडाखाली, स्टॉपवॉच हातात धरून. पहिला गेला, दहावा गेला, साठावा गेला, तरी हलत नसत. मी एकदा म्हटलं, “अहो, चला आता, बस भरायची आहे.” तर म्हणाले, “आपली एक यायची आहे अजून.” ती आली. लाल, घामाघूम, पाय ओढत. त्यांनी घड्याळ बघून तिला सांगितलं, “मागच्या खेपेपेक्षा अकरा सेकंद आधी आलीस!” आणि ती पोरगी, काय सांगू, त्या वळणापुढे खरंच पळायला लागली.

पण त्यांची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती, आणि ती त्यांच्या नावावर नव्हती.

तुम्ही कुठल्याही धंद्यात असा, तिथे बदल्यांच्या बातम्या आधी कळणारं एक माणूस असतंच. कॉलेजात धावणं शिकवणाऱ्या कोचेसचं जग लहान. उन्हाळा आला की त्यात खळबळ माजते. कुणाची जागा रिकामी होणार, तिथे कोण जाणार, त्याच्या जागी कोण येणार! इंटरनेटवर एक चर्चेचं पान होतं, तिथे सगळे टोपणनावाने अंदाज बांधत. आमचे कोच काका तिथे एका इंग्रजी टोपणनावाने लिहीत, आणि त्यांचे अंदाज इतके बरोबर येत की लोकांना वाटे, हा नक्की कुठल्यातरी मोठ्या विद्यापीठातला मुरलेला हेड कोच असणार. अल्फारेटातला एक सॉफ्टवेअर तपासनीस दुपारच्या डब्याच्या सुट्टीत हे उद्योग करतो, हे फक्त त्यांच्या बायकोला आणि मला ठाऊक होतं.

“एवढं कळतं कसं तुम्हाला?” मी विचारलं.

“तपासायचं. दुसरं काय करतो मी दिवसभर?”

त्यांची पद्धत मला फार आवडायची, कारण ती यादीच होती. विभागाच्या पानावरून कोचचा फोटो उतरला. त्याच्या कॉलेजात येतो म्हणालेला शाळकरी धावपटू अचानक ‘विचार करतोय’ म्हणायला लागला. कोचच्या घरासमोर ‘विकणे आहे’ची पाटी लागली. एकदा तर ओळखीच्या एका कोचने जूनमध्ये जाड लोकरीचे हातमोजे घेतल्याचं यांना कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. “जॉर्जियात हातमोजे? हा मिनेसोटाला चालला.” दोन आठवड्यांत तो मिनेसोटाला गेला.

शर्यतीत छातीवर लावायचे नंबर असतात ना, ते जुने नंबर त्यांच्या गाडीत गठ्ठ्याने पडलेले. तो कागद भिजत नाही, फाटत नाही. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते बाण काढत. हा इथून तिथे, तो तिथून इथे. “एक खुर्ची रिकामी झाली की सहा हलतात. लिहून ठेवा.”

एक नियम मात्र कडक. कुठे चालला ते लिहायचं, का चालला ते लिहायचं नाही. एकदा त्या पानावर कुणीतरी एका कोचच्या घटस्फोटाबद्दल चघळायला सुरुवात केली. यांनी एकच ओळ लिहिली: त्या गृहस्थांचे धावपटू पण हे पान वाचतात. तिथला गोंधळ थांबला. मला हे सांगताना ते स्वतःच लाजले होते.

मग एका मे महिन्यात, सकाळी आठला, ते शर्ट न बदलताच माझ्या टेबलाशी आले.

“वहिनी, आपला साहेब जातोय.”

साहेब म्हणजे आमचा लांब पल्ल्याचा हेड कोच. मी फाइलमधून मान वर केली नाही. मला दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं, आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

“बोलू नका,” ते म्हणाले. “तुम्ही मान वर केली नाहीत, तेवढं पुरे.”

त्यांनी खिशातून एक नंबर काढला, २१७, अजून लक्षात आहे, आणि त्याच्या मागे भराभर चार नावं लिहिली. आमच्या जागेसाठी कोण कोण अर्ज करणार, त्याचा अंदाज. मी वाचली. मग माझं पेन घेऊन पाचवं नाव लिहिलं. त्यांचं.

त्यांनी माझ्या हातून पेन काढून घेतलं. “अंदाज बांधणाऱ्याने स्वतः शर्यतीत उतरायचं नसतं हो.”

“अकरा वर्षं पहाटे उठताय ते कशासाठी मग?”

ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, “फार हवी आहे ही नोकरी. इतकी की बोलायची भीती वाटते.”

अर्ज त्यांनी मुदतीच्या नऊ दिवस आधी दिला. इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी मी त्यांना बारा प्रश्नांची यादी करून दिली आणि आमच्या स्वयंपाकघरात दोन रविवार तालीम घेतली. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत प्रश्न विचारायची आणि ते ओट्याला टेकून उत्तरं द्यायचे. बाराही पाठ झाले. सूट माझ्या नवऱ्याचा, कारण यांच्याकडे होता तो लग्नातला.

इंटरव्ह्यूला मी टिपणं घ्यायला बसले होते. आमच्या विभागाचा डायरेक्टर आणि आणखी दोघं. माझ्या बारापैकी नऊ प्रश्न आले आणि ते छान बोलले. माझ्या मनात एकेका प्रश्नापुढे खुणा पडत होत्या. मग डायरेक्टर खुर्चीत मागे रेलला. माणूस वाईट नव्हता, गप्पिष्ट होता. म्हणाला, “या क्षेत्रातल्या सगळ्यांची तुम्हाला माहिती असते म्हणतात. समजा तुम्ही माझ्या जागी आहात. कुणाला घ्याल?”

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

आणि काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांचा चेहरा उजळला. डब्याच्या सुट्टीतला चेहरा. पश्चिमेकडच्या एका छोट्या कॉलेजात एक तरुण बाई आहे, म्हणाले. सात मुलींची टीम होती, तिने ती तिसाची केली. तिच्याकडच्या मुली दुखापतीने घरी बसत नाहीत. चौथ्या वर्षी त्या पहिल्या वर्षापेक्षा जोरात धावतात, आणि कोचची परीक्षा तिथेच असते. दहा मिनिटं असं बोलले की दुसऱ्या सभासदाने वहीत तिचं नाव लिहून खाली रेघ मारली.

“आणि तुम्ही स्वतः?” डायरेक्टरने हसत विचारलं. “तुमच्या यादीत कितवे?”

मी पेन घट्ट धरलं. नजरेने सांगायचा प्रयत्न केला. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

“तिसरा,” ते म्हणाले.

डायरेक्टर मोठ्याने हसला. त्याला ही नम्रता वाटली असावी. पण यांनी खुलासाही केला. दुसरा कोण, का. आणि आपण तिसरे का. “मला मुलं कळतात. पण टीमचा शेवटचा निर्णय मी अजून एकट्याने घेतलेला नाही. त्या दोघांनी घेतलाय.”

टिपणं घेणाऱ्याने गाळायचं नसतं. मी ‘तिसरा’ लिहिलं.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. “अहो, असं का बोललात?”

“अंदाज विचारला त्यांनी. अंदाजात मी आजवर खोटं लिहिलेलं नाही.”

“अंदाज कसला! इंटरव्ह्यू होता तो!”

माझ्या नवऱ्याच्या सुटात ते जरा लहानच दिसत होते. गाडीच्या दारावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “चुकलं का हो वहिनी?”

मी टिपणांची वही काखेत मारली आणि ऑफिसकडे वळले.

त्या बाईंना नेमलं. अंदाज बरोबर आला. तिच्या पहिल्याच दिवशी पहाटे सव्वापाचला ते मैदानावर उभे होते, सामानाच्या खोलीची किल्ली आणि प्रत्येक धावपटूच्या नावाची एकेक वही घेऊन. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचे वडील आजारी आहेत, कुणाला शर्यतीआधी बोललेलं खपत नाही. तिने त्या वह्या दोन दिवसांत वाचल्या आणि माझ्याकडे येऊन विचारलं, “हा माणूस इथे बिनपगारी का आहे?” माझ्याकडे विभागाचे सगळे कागद होते. याचं उत्तर कुठल्याच कागदात नव्हतं.

एक हंगाम ते तिच्या हाताखाली राहिले. कडू शब्द नाही. पहाटे तेच झाड, तेच वळण. पुढच्या वसंतात उत्तरेकडच्या, बर्फाळ भागातल्या एका छोट्या कॉलेजात जागा निघाली, तेव्हा तिने त्यांना न विचारता तिथे फोन केला. ते अर्ज करायला कचरत होते. चालू नोकरी सोडायची, घर हलवायचं. तेव्हा त्यांची बायको, एरवी फार न बोलणारी, म्हणाली, “दर उन्हाळ्यात जगाला नोकऱ्या लावता. एकदा स्वतःला लावा की!”

तिथल्या इंटरव्ह्यूनंतर मला फोन आला.

“वहिनी, तोच प्रश्न विचारला.”

“मग? काय सांगितलंत?”

“दुसरा.”

“अहो!”

“ऐका तर. एक वर्ष तिच्याजवळ शिकलो ना? म्हणून एक नंबर वर. आणि पहिला येणार नाही. तो आत्ता राहतो त्याच गावात त्याच्या बायकोने नुकतंच पाळणाघर काढलंय. लिहून ठेवा.”

मी लिहून ठेवलं. तीन आठवड्यांनी पहिल्याने नाही कळवलं आणि यांना होकार आला.

ते गेले तेव्हा गाडीत त्या जुन्या नंबरांचा गठ्ठा होता, आणि बायकोने विणलेली निळी टोपी. मी त्यांच्यासाठी सामान हलवायची चार पानी यादी केली होती. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली, वापरली नसणार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सवयीने आमच्या विभागाचं पान उघडलं. कुणी गेलं की फोटो उतरवणं माझं काम. पण उतरवायला काही नव्हतंच. व्हॉलंटियरचे फोटो आम्ही लावत नसू. अकरा-बारा वर्षं तो माणूस आमच्या पानावर नव्हता, आणि हे पान सांभाळणारी मीच होते. कधी सुचलं नाही.

चर्चेच्या पानावरही त्यांच्या जाण्याबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. फक्त त्या टोपणनावाचे अंदाज बंद झाले. नव्या नोकरीत ते शोभणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. हा एवढा जाणकार कुठे गेला, यावर तिथे आठवडाभर अंदाज चालले. मी सगळे वाचले. एकही बरोबर नव्हता.

त्यांच्या नव्या कॉलेजचं पान मी रोज सकाळी उघडत असे. नाव होतं, हुद्दा होता, आणि फोटोच्या जागी राखाडी चौकोन. एक आठवडा, दोन आठवडे. तिथलं ऑफिस कोण सांभाळतं कोण जाणे, माझ्या हाताखाली असती तर बोलणी खाल्ली असती तिने.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी चौकोन गेला आणि फोटो आला. खरं सांगायचं तर मी तो नापास केला असता. चेहरा अर्धा सावलीत, निळी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, मागे पिवळी पडलेली झाडं. आणि ते कॅमेऱ्याकडे बघतही नाहीयेत. हातात स्टॉपवॉच आहे, मान वाटेच्या त्या टोकाकडे वळलेली आहे. त्यांची एक यायची आहे अजून.