शेळीने खाल्लेला कारखाना

शेळीने साखर कारखान्याचं धुराडं खाल्लं, नेमके तेव्हाच चेअरमन आमच्या अंगणात आले. उद्याच्या सभेत ठेवायला त्यांनी नव्या कारखान्याचा नमुना माझ्याकडून करवून घेतला होता. देखावे करणारी म्हणून ते माझं पहिलं मोठं काम. आजही पिठाची खळ शिजल्याचा वास आला की मला माझाच राग येतो. दुष्काळात जनावरांना काडी मिळेना, आणि मी शहाणीने पुठ्ठे खळीने चिकटवून ऊस म्हणून खरा कडबा रोवला!

"कारखाना कुठं हाय, बाई?"

"हिच्या पोटात. तुमच्या आधी हिनंच गाळप केलं."

ते हसले नाहीत. पुढची कामं बीडच्या एका देखावेवाल्याला गेली. मी चिडून उरलेला कारखानाही शेळीपुढं लोटला. त्या उन्हाळ्यात आमच्या गोठ्यात ती एकटीच जगली.