पोटखराबातली ज्वारी

सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराब. जमिनीचा जो तुकडा पिकत नाही, कातळ म्हणा, ओढा म्हणा, घळ म्हणा, त्याच्यापुढं तलाठ्यानं हा शब्द लिहायचा. सरकार त्याच्यावर सारा घेत नाही आणि माणूस त्याच्यावर जीव लावत नाही. मी तलाठी होतो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द किती वेळा लिहिला असेल ते देवाला ठाऊक. पण खोडला एकदाच, आणि तोही स्वतःची अब्रू घालवून. ज्या बाईनं तो खोडायला लावला तिचं नाव मायाक्का धुळा बंडगर, मुक्काम कुसळवाडी. सांगोल्याकडच्या माळावरचं गाव. तुम्ही ऐकलं नसेल, सोलापुरात आमच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांनीही ऐकलं नव्हतं. कुसळवाडीला माझी बदली झाली तेव्हा एकानं मला विचारलं, "कुणाचं काय वाकडं केलंस रे?"

कुसळवाडीत मालमत्ता दोन तऱ्हेची, चालती आणि बसती. चालती म्हणजे मेंढरं, बसती म्हणजे रान. एकोणसत्तर साली बंडगरांच्या दोघा भावांची वाटणी झाली. थोरला हरिबा पक्का शेतकरी, बेरकी. धाकटा धुळा, मायाक्काचा नवरा, म्हणजे नुसता भोळा सांब. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचा तो मिरगालाच परत यायचा. हरिबा म्हणाला, "मेंढरं तू चार जास्ती घे, रानाचं माझ्यावर सोड." धुळा व्हय म्हणाला. वरचं नऊ एकर काळं रान हरिबाचं झालं. धुळ्याला मिळाला तीन एकर माळ आणि त्याच्या मधोमध गेलेली घळ. त्या घळीत दगडाशिवाय काही नव्हतं. पावसाळ्यात वरच्या रानाचं पाणी तिच्यातून धो धो जायचं आणि बाकी वर्षभर तिथं सरडे ऊन खात पडायचे.

मायाक्का आधी नवऱ्याबरोबर कळपामागं हिंडायची. एका वर्षी घाटात पाय घसरला, घोटा मोडला. हाड बसवणाऱ्यानं ते वाकडं बसवलं, आणि बाई कायमची लंगडत चालायला लागली. कळपामागं चालणं संपलं. दुसरी कुणी असती तर दारात बसून लोकर पिंजत राहिली असती. ही बसणारी नव्हती.

तिनं घळीत दगड रचायला घेतले. आडवा ताल घालायचा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत. पाणी दगडांच्या फटींतून जाईल, गाळ मागं राहील, एवढाच हिशेब. पहिल्या वर्षी तीन बोटं गाळ बसला. दुसऱ्या वर्षी एकाच लोंढ्यात ताल, गाळ, सगळं घेऊन ओढा पसार. हरिबा चावडीत बसून म्हणाला, "आमची भावजय वड्याला कुंपण घालतीया. उंद्या वाऱ्याला दावं बांदंल." सगळे हसले. मी नुकताच रुजू झालो होतो, मीही हसलो. लाज वाटते आता सांगायला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. धुळ्याची मेंढरं गेली, काही चाऱ्यावाचून मेली, काही मातीमोल विकली. वीसेक उरली. चालती मालमत्ता संपली आणि बसतीत होता तो माळ. मायाक्का दुष्काळी कामावर जायला लागली, नाल्यावर बांध घालायच्या. लंगड्या पायानं दगड वाहायची, पण डोळे तिचे मुकादमाच्या हाताकडं. पाया किती खोल खणतात, भिंतीची टोकं दोन्ही काठांत कशी घुसवतात, जादा पाण्याला बाजूनं वाट कशी ठेवतात, हे तिनं सगळं टिपून घेतलं. गावानं त्या कामावरून मजुरीत मिळालेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी घरी आणली. हिनं अक्कल आणली.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापासून तिनं घळीत एकाखाली एक तीन ताल घातले. पाया हाताहातभर खणून. दर पावसाळ्यात गाळ चढायचा, दर उन्हाळ्यात ती दगडाचा एक थर वाढवायची. धुळा गावात असला की हाताखाली असायचा, पण आठ महिने तो कळपाबरोबर बाहेरच. दगड वाहिले बाईनंच. तीन वर्षांत घळ वर आली, सपाट झाली, काळीभोर झाली.

आता या तीन वर्षांत सरकार काय करत होतं? सरकार म्हणजे मी. तलाठ्यानं दर हंगामाला शेतावर जाऊन पीकपाहणी करायची असते. मी चावडीत बसून करायचो. कोतवाल मायाप्पा चहा आणायचा, मी विचारायचो, "बंडगराच्या घळीत काय रं?" तो म्हणायचा, "घळीत काय आसनार?" की मी लिहून मोकळा, पोटखराब. वळणदार अक्षरात. दोन मैल चालायचा कंटाळा, दुसरं काय!

शहात्तरच्या रब्बीला मायाक्कानं त्या गाळात मालदांडी ज्वारी पेरली. आसपासच्या रानात ज्वारी कमरेइतकी होती, हिच्या घळीत हात वर केला तरी कणीस लागेना. गाव बघायला जायला लागलं. आणि पौषात एके दिवशी हरिबा माझ्यापुढं अर्ज घेऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, त्या घळीत माझं निम्मं हाय."

"ते कसं काय?"

"वाटनी झाली तवा पिकाऊ रान वाटलं. घळ पोटखराब व्हती, ती वाटलीच न्हाय. मंग ती सामाईकच राह्यली की! बगा तुमीच लिवलंय."

मी दप्तर उघडलं. माझंच अक्षर. वर्षामागून वर्ष, पोटखराब, पोटखराब. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा, आणि ते बीळ मीच खणून ठेवलेलं. पण मी तेव्हा तिशीतला, डोक्यात कागदाची हवा भरलेली. चूक कबूल करायची तर नोकरीवर येणार. म्हणालो, "कागद म्हणतो ते खरं. अर्ज सर्कलसाहेबांकडं पाठवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाक्का चावडीत. पदर खोचलेला, धाप लागलेली.

"भाऊसाहेब, माझं रान कागदात न्हाय म्हनं?"

"आहे की. पोटखराब म्हणून आहे."

"पोट खराब?" बाई भडकली. "कुनाचं पोट खराब? माज्या रानाचं? आवं, त्या रानाच्या पोटात मी तीन वर्सं दगडं वाहून घातल्याती, ते खराब व्हय? तुमचंच पोट बगा एकदा वैदाला दावून! कवा आलता तुमी माज्या रानात? पाऊल तरी टाकलंय?"

मायाप्पा तोंड फिरवून हसायला लागला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ओरडलो, "बाई, सरकारी माणसाशी नीट बोला!"

"नीटच बोलतीया. मेंढरं गेली तवा मी रडले न्हाय. हे रान गेलं तर आमचं हितं काय ऱ्हातंय? धनी म्हातारपनी कुटं जाईल?" तिचा आवाज एकदम फाटला. ती गेल्यावर चहा आला, तो तसाच गार झाला.

आठ दिवसांनी सर्कलसाहेब, म्हणजे आम्हा तलाठ्यांवरचे अधिकारी, आले. कडक माणूस, कुणाकडं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. म्हणाले, "जागेवर जाऊ." हरिबा, मायाक्का, मी, मायाप्पा आणि मागं अर्धं गाव, अशी वरात घळीकडं निघाली. खोटं कशाला बोलू, ती जागा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. तीन पायऱ्यांसारखे तीन तुकडे, प्रत्येकाला दगडाची भिंत, आणि भिंतीमागं हुरड्याला आलेली ज्वारी. साहेबांनी एक कणीस हातात धरलं, दप्तराकडं बघितलं आणि विचारलं, "हे पोटखराब कुणी लिहिलं?"

"मी, साहेब."

"बघून?"

"न बघता."

अख्ख्या गावापुढं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब एवढंच म्हणाले, "तुमचं नंतर बघतो." मग हरिबाकडं वळले, "हे रान बाईनं केलेलं दिसतंय. तुमचा काय हक्क?"

हरिबा कसला हटतो! त्यानं लगेच दुसरा पत्ता काढला. "साहेब, दगडं तिची आसतील. पन माती? ही माती माज्या वरच्या रानातनं वाहून आलीया. माज्या रानाला मुरूम लागला बगा, आन् हितं पुरुषभर काळी बसलीया. माती माजी, तर रानात वाटा माजा."

आणि खोटं नव्हतं ते! वरच्या रानात खरंच पांढरा मुरूम दिसत होता. लोक माना डोलवायला लागले. साहेबही विचारात पडले. मला वाटलं, गेलं बाईचं.

आता आमच्याकडची रीत अशी, की थोरल्या दिराशी भावजयीनं समोरासमोर बोलायचं नाही. हरिबा दोन हातांवर उभा, पण मायाक्का पदर पुढं ओढून माझ्याकडं बघून बोलली.

"भाऊसाहेब, सांगा त्यास्नी. माती त्यांचीच हाय, मी कवा न्हाय म्हनले? त्यांची माती त्यांनी न्यावी. पन दगडं माजी हायती. मी माजी दगडं काडून घेते. मंग येत्या पावसात त्यांची माती माघारी त्यांच्या घरला जाती का मानगंगंला जाती, ते त्यांनी बगावं."

एवढं बोलून बाई खाली बसली आणि तिनं मधल्या तालाच्या माथ्याचा दगड उचकटून खाली ढकलला. मग दुसरा. आम्हाला वाटलं, रागाच्या भरात एक-दोन काढील. पण ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, रोज सकाळी शेण भरावं तशी मुकाट्यानं दगड काढत होती. चौथा दगड तिनं पोटातला ओढला. त्याबरोबर मागची माती भसकन खाली आली, आणि तिच्याबरोबर ज्वारीची चार ताटं, भरल्या कणसांची, मुळासकट आडवी पडली.

कुसळवाडीचा माणूस काहीही बघेल, पण दाणा भरलेलं कणीस मातीत पडलेलं बघवत नाही त्याला. बहात्तर साल पाहिलेली माणसं ती! बायका हळहळल्या. आणि सगळ्यांच्या आधी हरिबाच ओरडला, अगदी बेंबीच्या देठापासून.

"आरं, धरा की तिला! तिचं रान वाहून जाईल!"

तो पुढं धावला, गुडघ्यावर बसला आणि घसरणारी माती त्यानं दोन्ही हातांनी थोपवून धरली. "दगड दे, मायाप्पा, दगड दे बिगी!" हरिबाला कळायला जरा वेळ लागला की आपण काय बोलून बसलो. त्यानं मान वर केली. साहेब त्याच्याकडंच बघत होते.

"कुणाचं रान म्हणालात?"

हरिबाच्या कोपरापर्यंत माती. बेरकी माणूस, शब्द फिरवायला त्याला कितीसा वेळ! पण हात सोडले तर माती खाली येणार, आणि हात तर त्याला सोडवेनात. शेवटी तो हळूच म्हणाला, "तिचंच, साहेब. ती नसती तर माजी माती कवाच समुद्रात गेली आसती. लिवा तिचं."

गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली. मायाक्का जागची हलली नाही. साहेब मला म्हणाले, "बसा इथंच आणि दुरुस्त करा." आम्ही साखळी धरून मोजलं. एक एकर सहा गुंठे. मी बांधावर मांडी घालून बसलो, पोटखराबावर लाल शाईची रेघ मारली आणि लिहिलं, ज्वारी, जिरायत. पुढं कसणाराचं नाव लिहायचा रकाना. सवयीनं मी 'धुळा' लिहायला गेलो.

साहेबांनी हात धरला. "आता तरी बघून लिहा."

मी बघितलं. समोर बाई उभी, हात फुटलेले, नखं काळी, एक पाय वाकडा. मी लिहिलं.

मायाक्काला अक्षर येत नव्हतं. ती माझ्याजवळ आली, रकान्यावर वाकली, आणि बोट न टेकवता म्हणाली, "काय लिवलं?"

"तुमचं नाव."

"मोट्यानं वाचा की. हितल्या समद्यास्नी ऐकू जाऊंद्या."

मी दप्तर घेऊन उभा राहिलो. आणि घसा ताणून, पार वरच्या रानातल्या बायकांनी खुरपी थांबवून वर बघेपर्यंत, वाचलं, "मायाक्का धुळा बंडगर! एक एकर सहा गुंठे! ज्वारी!"

"आनी एकदा," मायाक्का म्हणाली.