दोन सह्यांच्या मधलं कुलूप

जावेचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा पडला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. सापाचं इंजेक्शन आत फ्रिजमध्ये. डॉक्टरीणबाई आणि सिस्टर बाहेर ओट्यावर, रिकाम्या हातांनी.

झावळ्या उचलताना तिला फुरसं चावलं होतं. चावल्यावर ही बाई चुना लावून घरात गप्प बसली. पाय भरून आला तेव्हा पोराला सांगितलं. असलाच तिचा स्वभाव. पोराने मोठ्या दवाखान्याला फोन केला. गाडी निघाली म्हणाले, पण भाईंदरकडचा रस्ता खोदून ठेवलेला. मग त्याने तिला रिक्षात घालून इथे आणलं आणि जाता जाता मलाही हाक मारली.

कुलूप का होतं ते सांगते. गावचा दवाखाना पालिकेचा. पालिकेने तो इमारतीसकट वरच्या सरकारी खात्याला द्यायचं ठरवलं. त्या दिवशी दोन साहेब आले, एक देणारा, एक घेणारा. पंखे, खाटा, औषधं सगळं मोजून घेतलं, कागदावर सह्या केल्या, कुलूप घातलं आणि चावी पाकिटात टाकून वर लाख ओतली. मग झाडाखाली गाडीत एसी लावून बसले.

मी देणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, मी सही केली, तिथे माझा अधिकार संपला. घेणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, त्याच्या साहेबाने त्याला फक्त ताबा घ्यायचा अधिकार दिलाय. दवाखाना उघडून चालवायला साहेबाची सही लागते, आणि साहेब मीटिंगमध्ये. डॉक्टरीणबाई दोघांना इंग्रजीत काहीतरी सांगत होती. तिचा आवाज चढला तसे ते जास्तच शांत झाले. एकाने फोन लावला, उचलत नाहीत म्हणाला आणि फोन खिशात टाकला. झालं त्याचं काम.

मी चौथी पास. तरी हा प्रकार मला नवा नव्हता. दवाखान्याची जागा आमच्या घराण्याची, अर्धी आमची, अर्धी जावेची. दीर गेल्यावर तिने सातबाऱ्याच्या कामासाठी माझ्या नवऱ्याला कुलमुखत्यारपत्र करून दिलं. म्हणजे तिच्या नावाने सह्या करायचा हक्क. नवऱ्याने त्याच हक्काने तिचा हिस्साही दवाखान्याला देऊन टाकला. फुकट दिला, गावासाठी, पण तिला न विचारता. तेव्हापासून ती आमच्याशी बोलत नाही. नवरा वारला तेव्हाही दारात आली नाही. मी म्हणते, दिली ते बरं केलं. तिच्या हातात असती तर आज तिथे बिल्डरची बिल्डिंग असती.

पायरीवर बसल्या बसल्या ती पोराला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "सांग तुझ्या काकीला. जागा माझी, न कुलूप पन मलाच. झालं समाधान?"

मरायला टेकली होती, पण जीभ जागेवर होती.

मी गाडीची काच वाजवली. "आत्ता हा दवाखाना कोणाचा?"

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. "तसं सांगता येणार नाही, आजी," घेणारा म्हणाला. "प्रक्रिया सुरू आहे."

"तुझी आजी असती त्या पायरीवर तर सांगता आलं असतं."

त्याने काच वर केली.

रिक्षावाल्याकडे मी जॅकची लोखंडी दांडी, टॉमी, मागितली. "आजी, केस होगा," तो म्हणाला. मी म्हटलं, "होने दे. तू टॉमी दे."

कुलूप नवंकोरं, जागचं हललं नाही. दाराची चौकट मात्र जुनी, वाळवीने खाल्लेली. कडी खिळ्यांसकट बाहेर आली. तेव्हा देणारा साहेब गाडीतून उतरला आणि ही सरकारी मालमत्ता आहे म्हणून ओरडायला लागला. कोणत्या खात्याची, ते त्याने तेव्हाही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई त्याला ढकलून आत गेली.

पुढे मला पोलीस चौकीत बोलावलं. दार फोडल्याच्या तक्रारीत हवालदाराला मालकाचं नाव लिहायचं होतं. देणारं खातं म्हणालं, आता आमचा नाही. घेणारं म्हणालं, अजून आमचा नाही. तक्रार तशीच पडून राहिली. दोन्ही साहेब नोकरीत आहेत. चौकटीवर पत्र्याची पट्टी ठोकली आहे, ती अजून कोणी बदललेली नाही.

जाऊ वाचली. पाय ओढत चालते. माझ्याशी बोलत नाही.