उतारावरची विदुला

विदुला गेल्याची बातमी श्रीकांतनं मला फोन करून सांगितली नाही. सगळ्यांना एकदमच गेलेल्या मेसेजमधून ती कळली. मी कोविड पॉझिटिव्ह, नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या घरात वरच्या खोलीत कोंडलेली. दोन गल्ल्यांपलीकडे तिचं घर, आणि तिचा अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला. पुढच्या आठवड्यात ऑनलाइन शोकसभेत कुणीतरी माइक बंद करायला विसरलं आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "त्या अवस्थेत तिला अमेरिकेत फिरवायला नेलं. मैत्रीण म्हणे!" तिचा नवरा म्हणून श्रीकांत काहीतरी बोलेल असं वाटलं. तो गप्प राहिला... म्हणून आता मी बोलते.

विदुला वाईची. इथे आम्ही दहा वर्षं एकाच ऑफिसात, शेजारच्या टेबलांवर. युटातल्या लाल दऱ्याखोऱ्यांतून गाडीनं भटकायचं आमचं २०२० मध्येच ठरलं होतं, पण लॉकडाउन लागला आणि तिकिटं रद्द झाली. मग तिचा कॅन्सर परतला. २०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेनं आमच्यासाठी दारं उघडली, तोवर तो अंगभर पसरला होता. डॉक्टर म्हणाले, जा. फक्त ही औषधं चालू असताना गाडी चालवायची नाही. श्रीकांत नकोच म्हणत होता. ती त्याला म्हणाली, "घरी बसून मी बरी होणार असेन तर सांग, बसते." तिनं दशम्या केल्या, मेतकुटाची बरणी बांधली आणि आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. नेदरलँड्समध्ये चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, आणि इथे रस्ता कड्याच्या कडेकडेनं थेट तळाला चाललेला. मी भीतीनं ब्रेकवर पाय दाबूनच बसले. चार-पाच वळणांनंतर जळका वास आला, मग चाकांतून धूर. रुंद जागा बघून गाडी कशीबशी थांबवली.

"अगं, पुण्याची ना तू? घाट विसरलीस?"

"दहा वर्षांत उतार पाहिलाय कुठे!"

"ऊठ तिथून."

"विदुला, डॉक्टरांनी..."

"डॉक्टर उतरवणारेत का गाडी? ऊठ."

ब्रेक थंड होईपर्यंत आम्ही दशम्या खाल्ल्या. मग ती स्टिअरिंगवर बसली. तिच्या वडिलांनी तिला पसरणीच्या घाटात जीप शिकवली होती. तिनं गिअर खाली घेतला आणि एकेक अवघड वळण घेत, ब्रेकला जेमतेम पाय लावत, गाडी तळाला आणली. वाटेत मला घाटातले किस्से सांगत होती. खाली पोचल्यावर तिला धड उभंही राहवेना. पुढचे दोन दिवस ती अंथरुणातच होती, आणि "श्रीकांतला बोललीस तर बघ," असा दम भरत होती.

चूक होती? हो, नियमानं होती. तिच्या हातात मी गाडी द्यायला नको होती. पण तिला नेल्याचा पश्चात्ताप मला तसूभरही नाही. ती एरवी त्या महिन्यात काय करणार होती, तर खिडकीशी बसून लोकांचे सल्ले ऐकणार होती. ज्यांना मला नावं ठेवायची त्यांनी खुशाल ठेवावीत.

गेल्या रविवारी श्रीकांत आला, सोबत त्यांची तेरा वर्षांची मुलगी इरा. माझ्याकडे राहिलेला विदुलाचा स्वेटर न्यायला आला होता. दारातच त्यानं विचारलं, "तिला तिथे फार त्रास झाला का गं?" इतके दिवस तो गप्प का होता, ते मला तेव्हा कळलं. मी विदुलाला दिलेला शब्द मोडला. सगळं सांगितलं आणि त्या उतारावर काढलेला फोटो दाखवला. मास्क एका कानाला लोंबतोय, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंड उघडं, कारण बोलणं थांबलेलंच नाही.

इरानं फोन ओढून घेतला. "वॉज शी एनी गुड?"

"माझ्यापेक्षा शंभर पटीनं."

श्रीकांत तोंडावर हात धरून हसला, आणि हसता हसताच रडला.

काल त्यांच्याकडे गेले. पासपोर्टच्या फोटोवरून मोठी केलेली तसबीर काढून तिथे आता हा फोटो लावलाय. मी शेवंतीचा हार करून नेला होता. तो घालायला हात वर केला तर श्रीकांतनं मला अडवलं.

"हार नको," तो म्हणाला. "तिला रस्ता दिसायला हवा."