चार मात्रा गप्प

माझ्या शेजारच्या खोलीत मागवाले राहतात. कापडाच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं माग चालवले, म्हणून सगळे त्यांना याच नावानं ओळखतात. आमच्या दोघांत एकच भिंत आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडंफार ठाऊक आहे. ते लिहिण्यासारखं आहे की नाही, मला नक्की सांगता येत नाही.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, वारल्यापासून त्यांचा रेडिओ दिवसभर चालू असतो. अगदी जेवतानाही. गेल्या वर्षी ते वाचनालयाच्या माडीवर, नवशिक्यांच्या वर्गात कीबोर्ड शिकायला जाऊ लागले. "तेवढीच चार माणसं भेटतात," म्हणाले. मलाही ओढून नेलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचो.

सूर त्यांना लवकर जमले. अडलं ते विरामापाशी. एका चालीत सगळ्यांनी मिळून चार मात्रा थांबायचं होतं. सगळे थांबत, आणि मागवाल्यांचं बोट नेमकं तिथंच पट्टीवर पडे.

"काका, गाडी पकडायचीय का?" शिकवणाऱ्या बाई विचारत. वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. "विराम म्हणजे सुट्टी नव्हे. तोही वाजवायचाच असतो, फक्त आवाज न करता. मनात मोजा."

"मोजतो हो बाई. पण माग गप्प झाला की धागा तुटला, हेच डोक्यात बसलंय. हात आपसूक माग सुरू करायच्या खटक्यावर जातो."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "कार्यक्रमाला आठवडा उरलाय. तोवर जमलं नाही, तर तुम्हाला श्रोत्यांत बसवावं लागेल."

परतताना ते जिन्यात थांबले. "इथूनही उठवलं, तर जायचं कुठं हो?"

मी जिना उतरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडे तीच चाल वाजू लागली. थांबायची जागा आली. मीही मोजू लागलो. चार झाल्या, आठ झाल्या, वीस झाल्या. रेडिओसुद्धा बंद. अनवाणीच धावलो आणि दार बडवलं.

दार उघडून ते माझ्या पायांकडे बघत राहिले.

"आवाज थांबला, म्हणून..." मी म्हणालो.

"घ्या! तुम्हीही मागवालेच की." ते हसले, मग खाली बघत म्हणाले, "चार मोजून झाल्या, पण वाजवावंसं वाटेना. आत भांडी विसळल्याचा आवाज येईलसं वाटत होतं."

कार्यक्रमात ते थांबले. चारही मात्रा त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून ठेवलं होतं. पाचवीला सोडलं. "काका, सोमवारी नेहमीच्या वेळेला या," एवढंच बाई म्हणाल्या. मागवाल्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

रेडिओ अजून दिवसभर असतो. संध्याकाळी मात्र थोडा वेळ बंद होतो. मी इकडे मोजत बसतो. फार वेळ झाला की ते भिंतीवर दोनदा टकटक करतात, मी अनवाणी धावत येऊ नये म्हणून.